दोन पक्षांच्या कोंडीतून बाहेर पडायचे असेल तर मतपत्रिका बदलावी की मतदारसंघ?

धागाकर्ता

मॅसॅच्युसेट्समधून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात नऊ सदस्य निवडून जातात आणि ते नऊही डेमोक्रॅटिक पक्षाचे आहेत. ओक्लाहोमामधून पाच जातात आणि ते पाचही रिपब्लिकन आहेत. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मात्र मॅसॅच्युसेट्समधील सुमारे ३६ टक्के मतदारांनी रिपब्लिकन उमेदवाराला आणि ओक्लाहोमामधील सुमारे ३२ टक्के मतदारांनी डेमोक्रॅटिक उमेदवाराला मत दिले होते. म्हणजे दोन्ही राज्यांत दर तीन मतदारांमागे एकाच्या मताला राष्ट्रीय कायदेमंडळात एकही आवाज नाही. ही तर देशातल्या दोन सर्वांत मोठ्या पक्षांच्या समर्थकांची स्थिती झाली. तिसऱ्या पक्षाला मत देऊ इच्छिणाऱ्याचे काय होत असेल, याची कल्पना यावरून यावी.

या स्थितीवर उपाय म्हणून हल्ली बहुतेक चर्चा मतपत्रिकेभोवती फिरते. एकाच नावापुढे खूण करण्याऐवजी मतदाराने १, २, ३ असा पसंतीक्रम लिहावा, म्हणजे तिसऱ्या पक्षाला वाव मिळेल, असे सांगितले जाते. या सुधारणेला माझा विरोध नाही. तरीही दुखण्याचे मूळ वेगळ्या ठिकाणी आहे असे माझे ठाम मत आहे, आणि ते सविस्तर मांडण्यासाठीच हा धागा काढत आहे. एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी, या नियमाने दोन पक्षांची मक्तेदारी टिकवून धरली आहे. तो नियम तसाच ठेवून मतमोजणीची रीत कितीही सुधारली तरी मक्तेदारीला फारसा धक्का लागत नाही.

फ्रेंच अभ्यासक मॉरिस द्युव्हर्जे यांनी १९५१ मध्ये या नियमाचे दोन परिणाम वेगवेगळे करून दाखवले. पहिला यांत्रिक आहे: जागा एकच असल्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाची मते, ती कितीही असोत, हिशेबातून बाद होतात. दुसरा मानसिक आहे: हे ओळखलेला मतदार आपले मत वाया जाऊ नये म्हणून आवडत्या उमेदवाराला सोडून, नावडत्याला हरवू शकेल अशा उमेदवाराकडे वळतो. १९९२ मध्ये अध्यक्षपदाचे अपक्ष उमेदवार रॉस पेरो यांना देशभरात जवळपास १९ टक्के मते मिळाली आणि अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळातील ५३८ मतांपैकी एकही मिळाले नाही. २००० साली अध्यक्षपदाचा फैसला करणारा फ्लोरिडाचा निकाल ५३७ मतांनी ठरला आणि तेथे तिसऱ्या, म्हणजे ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना ९७ हजारांहून अधिक मते पडली होती. त्या निकालाचा धाक तिसऱ्या पर्यायाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला अजूनही घातला जातो.

पसंतीक्रमाने हा धाक कमी होतो, हे खरे. मेन राज्यात २०१८ साली दुसऱ्या मतदारसंघात रिपब्लिकन उमेदवार ब्रूस पॉलिक्विन पहिल्या पसंतीच्या मतांत किंचित पुढे होते. अपक्षांची मते पुढच्या पसंतीनुसार वाटली गेल्यावर डेमोक्रॅटिक उमेदवार जॅरेड गोल्डन विजयी झाले. अपक्षांना मत देणाऱ्यांचे मत वाया गेले नाही, पण अपक्षांना जागाही मिळाली नाही. नेमका हाच प्रकार ऑस्ट्रेलियात शतकाहून अधिक काळ चालू आहे. तेथे १९१८ मध्ये पसंतीक्रम आला, तोही मतविभाजनाच्या भीतीपोटी. त्या वर्षीच्या स्वान येथील पोटनिवडणुकीत मजूर पक्षाचा उमेदवार जेमतेम ३४ टक्के मतांवर विजयी झाला, कारण विरोधी मते फुटली होती. २०२२ च्या निवडणुकीत ३० टक्क्यांहून अधिक मतदारांनी पहिली पसंती दोन मोठ्या गटांबाहेरच्या उमेदवारांना दिली. कनिष्ठ सभागृहाच्या १५१ जागांपैकी अशा उमेदवारांना १६ मिळाल्या. पसंतीक्रमाने मतदाराची भीती घालवली, पण जागांचे प्रमाण सुधारले नाही.

आता बहुसदस्यीय मतदारसंघात काय घडते ते एका हिशेबाने पाहू. समजा पाच जागांचा एक मतदारसंघ आहे आणि ६,००,००० वैध मते पडली आहेत. निवडून येण्यासाठी लागणारा कोटा काढताना वैध मतांना जागांपेक्षा एकाने अधिक अशा संख्येने, म्हणजे सहाने, भागून त्यात एक मिळवतात. कोटा १,००,००१ झाला. इतकी मते सहा उमेदवारांना एकाच वेळी मिळूच शकत नाहीत, हे त्यामागचे साधे तर्कशास्त्र आहे. एखाद्या उमेदवाराला १,३०,००० मते मिळाली तर तो निवडून आला, आणि त्याची वरची २९,९९९ मते त्याच्या मतदारांनी लिहिलेल्या पुढच्या पसंतीनुसार प्रमाणात इतरांकडे गेली. कोणीच कोटा गाठत नसेल तर सर्वांत मागे असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याची मते तशीच पुढे सरकतात. मॅसॅच्युसेट्समधील ३६ टक्के मतदार अशा मतदारसंघात २,१६,००० होतात. त्यांनी आपल्या पसंती पक्षातच ठेवल्या तर दोन कोटे पूर्ण होतात आणि पाचांपैकी दोन जागा त्यांना मिळतात. उरलेल्या चार जागांचा दुसरा मतदारसंघ केला तर तेथे कोटा २० टक्क्यांच्या किंचित वर जातो आणि आणखी एक जागा त्यांच्याकडे येते. आज शून्य असलेल्या ठिकाणी नवांपैकी तीन!

यासाठी अमेरिकेच्या राज्यघटनेला हात लावावा लागत नाही. घटनेत प्रतिनिधिगृहासाठी मतदारसंघांचा उल्लेखच नाही. एकसदस्यीय मतदारसंघांची सक्ती काँग्रेसने १८४२ मध्ये प्रथम केली आणि सध्याची सक्ती १९६७ च्या एका छोट्या कायद्याची आहे. साध्या कायद्याने आलेली गोष्ट साध्या कायद्याने जाऊ शकते. जाणकारांनी यावर आक्षेप जरूर नोंदवावेत.

चौकस

मांडणी आवडली, पण द्युव्हर्जे यांच्या निष्कर्षाला आपण फारच पक्के मानले आहे. कॅनडा आणि भारत या दोन्ही देशांत सर्वाधिक मते मिळवणारा विजयी हीच पद्धत आहे आणि दोन्हीकडे अनेक पक्ष आहेत. त्याचे कारण असे की हा नियम मतदारसंघापुरता काम करतो. एका प्रांतात जे दोन पक्ष समोरासमोर असतात तेच दुसऱ्या प्रांतात असतील असे नाही, आणि म्हणून एकाच प्रदेशात मते एकवटलेल्या पक्षाला ही पद्धत मारत नाही, उलट पोसते. कॅनडाच्या १९९३ च्या निवडणुकीत सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला १६ टक्के मते मिळाली आणि जागा मिळाल्या दोन. केवळ क्विबेकमध्ये लढलेल्या ब्लॉक क्विबेक्वा पक्षाला त्याहून कमी मते मिळूनही ५४ जागा मिळाल्या आणि तो प्रमुख विरोधी पक्ष झाला. ब्रिटनमध्ये २०१५ साली देशभर मते विखुरलेल्या युकिप पक्षाला १२.६ टक्के मतांवर एक जागा आणि स्कॉटिश नॅशनल पार्टीला ४.७ टक्के मतांवर ५६ जागा मिळाल्या. तेव्हा ही पद्धत तिसऱ्या पक्षाला मारते, यापेक्षा ती विखुरलेल्या पक्षाला मारते असे म्हणणे अधिक नेमके होईल.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. आपण वर्णन केलेली पद्धत माल्टामध्ये १९२१ पासून आहे आणि मतदारसंघ पाच जागांचेच आहेत. तरीही स्वातंत्र्यानंतर अनेक दशके तेथील संसदेत दोनच पक्ष होते. इतकेच नव्हे, तर १९८१ मध्ये नॅशनॅलिस्ट पक्षाला निम्म्याहून अधिक पहिल्या पसंतीची मते मिळूनही मजूर पक्षाला ६५ पैकी ३४ जागा मिळाल्या आणि त्यातून निर्माण झालेला पेच सोडवण्यासाठी १९८७ मध्ये घटना दुरुस्त करावी लागली. बहुसदस्यीय मतदारसंघ दिले की दोन पक्षांची मक्तेदारी संपते, हा दावा माल्टासमोर टिकत नाही.

धागाकर्ता

चौकस, माल्टाचे उदाहरण आणलेत हे फार चांगले झाले, कारण त्यामुळे नेमके काय साधायचे आहे ते स्पष्ट करता येते. पक्षांची संख्या वाढवणे हे माझ्या लेखी उद्दिष्टच नाही. दोनच पक्ष मतदारांना मनापासून पुरेसे वाटत असतील तर दोनच असावेत. माल्टामध्ये तिसऱ्या पक्षाला पहिली पसंती देणाऱ्या मतदाराला आपण नावडत्या पक्षाला मदत करत आहोत अशी धास्ती बाळगावी लागत नाही. शिवाय तेथे एकाच पक्षाचे अनेक उमेदवार एकाच मतदारसंघात उभे असतात आणि त्यांच्यातून कोणाला वर काढायचे ते मतदार ठरवतो. अमेरिकेतील मतदाराला दोन पक्ष नकोसे झाले तरी बाहेर पडण्याची किंमत मोजावी लागते. ती किंमत नियमाने लादलेली आहे आणि माझा आक्षेप तिच्यावर आहे.

१९८१ च्या पेचात मतदारसंघांच्या सीमांचाही हात होता, आणि पाच जागांच्या मतदारसंघातही सीमा आखून थोडाफार खेळ करता येतो हे त्यातून दिसते. मात्र एकसदस्यीय मतदारसंघात तो खेळ जितका सोपा आणि फायद्याचा असतो तितका येथे उरत नाही. ३६ टक्के मतदारांना पाच जागांच्या मतदारसंघात शून्यावर आणायचे तर त्यांना एका कोट्याच्या, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांच्या, खाली ढकलावे लागेल, आणि ते राज्यभर प्रत्येक मतदारसंघात करणे अशक्य आहे.

गणिती

मला वाटते दोघांनीही पसंतीक्रमाच्या एकसदस्यीय रूपातला सर्वांत मोठा दोष सांगितलाच नाही. या मोजणीत सर्वांना बऱ्यापैकी मान्य असलेला उमेदवार आधीच बाद होऊ शकतो. अलास्कात ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत मेरी पेल्टोला यांना पहिल्या पसंतीची सुमारे ४० टक्के, सारा पेलिन यांना ३१ टक्के आणि निक बेगिच यांना २८ टक्क्यांच्या वर मते मिळाली. बेगिच बाद झाले आणि अंतिम फेरीत पेल्टोला जिंकल्या. मतपत्रिकांवरील पूर्ण पसंतीक्रम नंतर तपासला तेव्हा असे दिसले की बेगिच विरुद्ध पेल्टोला आणि बेगिच विरुद्ध पेलिन या दोन्ही सरळ लढती बेगिच यांनी जिंकल्या असत्या. व्हरमाँटमधील बर्लिंग्टन शहरात २००९ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत अँडी मॉन्ट्रोल यांच्याबाबत हेच घडले होते आणि पुढच्याच वर्षी शहराने ती पद्धत रद्द केली.

केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये सिद्ध केल्याप्रमाणे, तीन किंवा अधिक पर्यायांचा पसंतीक्रम एकत्र करणारी कोणतीही रीत सर्व वाजवी अटी एकाच वेळी पाळू शकत नाही. म्हणून मी मान्यता मतदानाचा पुरस्कार करतो: मतदाराने जितके उमेदवार चालतील तितक्यांपुढे खूण करावी आणि सर्वाधिक खुणा मिळवणारा निवडून यावा. मोजणी एका फेरीत संपते, ती केंद्रावरच करता येते आणि मतपत्रिका जवळजवळ आहे तशीच राहते. नॉर्थ डकोटातील फार्गो शहराने २०१८ मध्ये आणि सेंट लुइसने २०२० मध्ये ही पद्धत स्वीकारली. फार्गोच्या मतदारांनी स्वतः निवडलेली पद्धत २०२५ मध्ये राज्याच्या कायदेमंडळाने कायदा करून बंद केली, ही गोष्ट मला अत्यंत अन्यायकारक वाटते.

धागाकर्ता

फार्गोबाबत मी पूर्ण सहमत आहे. नगरपालिकेच्या निवडणुकीची रीत शहराने मतदानाने ठरवली असताना राज्याने ती मोडावी, यामागे मतदारांच्या सोयीचे कोणतेही पटणारे कारण दिसत नाही.

अलास्काचे उदाहरण मात्र माझ्या बाजूने साक्ष देते. पेल्टोला, पेलिन आणि बेगिच यांच्यापैकी कोण बाद व्हावे हा प्रश्न इतका जीवघेणा का होतो? जागा एकच आहे म्हणून. तीन जागा असत्या तर तिघांचेही मतदार प्रतिनिधित्व मिळवू शकले असते आणि बाद होण्याच्या क्रमाने कोणाचेही फारसे बिघडले नसते. मान्यता मतदानातही जागा एकच राहते. तेथे दुसऱ्या आवडत्या उमेदवारापुढे केलेली खूण पहिल्याला पाडू शकते, म्हणून पक्षनिष्ठ मतदार एकाच खुणेवर थांबतो आणि पुन्हा पूर्वीच्याच हिशेबाला लागतो. महापौर, राज्यपाल, अध्यक्ष अशा अविभाज्य पदांसाठी तुमची पद्धत उत्तम ठरू शकेल. कायदेमंडळासाठी मला ती अपुरी वाटते.

दक्षिणवारा

पद्धती पुष्कळ आहेत. ज्यांना जुन्या पद्धतीचा फायदा होतो तेच ती बदलतील कसे, हा खरा प्रश्न आहे. म्हणून न्यूझीलंडची हकीकत येथे नोंदवतो. तेथे १९७८ आणि १९८१ अशा सलग दोन निवडणुकांत मजूर पक्षाला नॅशनल पक्षापेक्षा अधिक मते मिळाली आणि तरी सरकार नॅशनल पक्षाचेच आले. १९८१ मध्ये सोशल क्रेडिट पक्षाला २०.७ टक्के मते पडूनही ९२ पैकी दोन जागा मिळाल्या. मजूर पक्षाने सत्तेवर आल्यावर नेमलेल्या शाही आयोगाने १९८६ मध्ये जर्मनीसारखी मिश्र प्रमाणशीर पद्धत सुचवली: एक मत स्थानिक उमेदवाराला, दुसरे पक्षाला, आणि एकूण जागा पक्षमतांच्या प्रमाणात. दोन्ही मोठ्या पक्षांतील बहुतेकांना ती नको होती. तरी १९८७ च्या प्रचारात दूरचित्रवाणीवरील चर्चेत पंतप्रधान डेव्हिड लाँगी यांनी सार्वमताचे आश्वासन दिले, ते पाळले गेले नाही, मग नॅशनल पक्षाने तेच आश्वासन देऊन १९९० ची निवडणूक जिंकली आणि आता माघार घेणे दोघांनाही अवघड झाले. १९९२ च्या सार्वमतात सुमारे ८५ टक्के मतदारांनी बदल हवा असे सांगितले. १९९३ च्या बंधनकारक सार्वमतात, बदलाविरुद्ध मोठा आणि खर्चिक प्रचार होऊनही, ५३.९ टक्क्यांनी नवी पद्धत स्वीकारली. १९९६ पासून ती लागू आहे आणि २०११ मध्ये पुन्हा विचारले असता ५७.८ टक्क्यांनी ती कायम ठेवली.

याच्या उलट ब्रिटनमध्ये २०११ साली फक्त पसंतीक्रमाचा पर्याय सार्वमताला ठेवला गेला आणि जवळपास ६८ टक्क्यांनी तो फेटाळला. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचे समर्थकच त्या पर्यायाबद्दल पुरेसे उत्साही नव्हते. अर्धामुर्धा बदल मागितला की त्यासाठी जिवाचे रान करणारे कोणी उरत नाही, असा माझा त्यावरून निष्कर्ष आहे.

उत्तरदायी

मी या सगळ्याकडे जरा शंकेने पाहतो. बहुसदस्यीय आणि प्रमाणशीर पद्धतींत सरकार निवडणुकीच्या रात्री मतदार ठरवत नाही. ते नंतर बंद दाराआड पक्षनेते ठरवतात. दोन-तीन टक्क्यांचे पक्ष मोठ्या पक्षांना वेठीला धरतात. शिवाय पक्षाने ठरवलेल्या क्रमाने जागा भरणाऱ्या यादी पद्धतीत वरच्या क्रमांकावर असलेल्या उमेदवाराला मतदार घालवूच शकत नाही. एकसदस्यीय मतदारसंघात निदान नाव ठाऊक असलेला एक माणूस असतो, ज्याला जाब विचारता येतो आणि पाडता येते.

धागाकर्ता

उत्तरदायी यांच्या आक्षेपातील यादीचा भाग मला पटतो आणि म्हणूनच मी बंद यादीची पद्धत सुचवलेली नाही. पसंतीक्रमाच्या बहुसदस्यीय मतदारसंघात यादी नसतेच. मत माणसालाच पडते. आयर्लंडमध्ये तर खासदारांचा सर्वाधिक घाम आपल्याच पक्षाच्या सहउमेदवाराशी स्पर्धा करण्यात जातो, आणि त्यामुळे ते स्थानिक कामांत नको तितके गुंततात अशी तेथील तक्रार आहे. जाब विचारता येत नाही अशी तक्रार तेथे ऐकू येत नाही. फियाना फॉल या तेथील सर्वांत मोठ्या पक्षाने १९५९ आणि १९६८ असे दोनदा सार्वमत घेऊन एकसदस्यीय पद्धत आणण्याचा प्रयत्न केला. १९५९ मध्ये त्याच दिवशी मतदारांनी त्या पक्षाचे नेते एमन डी व्हॅलेरा यांना राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडले आणि त्यांचा हा प्रस्ताव मात्र नाकारला.

छोट्या पक्षांनी वेठीला धरण्याचा धोका देशभर एकच मतदारसंघ आणि जागेसाठी लागणाऱ्या किमान मतांचा उंबरठा कमी असेल तेथे अधिक असतो. पाच जागांच्या मतदारसंघात कोटा मुळातच १७ टक्क्यांच्या आसपास असल्याने दोन-तीन टक्क्यांचा पक्ष आतच येऊ शकत नाही. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: देशभर विखुरलेल्या पाच-सात टक्क्यांच्या पक्षालाही येथे जागा मिळणे कठीण जाते. उंबरठा कोठेही ठेवला तरी त्याखालची मते बाद होतातच. जर्मनीत ५ टक्क्यांची अट आहे आणि २०१३ मध्ये फ्री डेमोक्रॅटिक पक्षाला ४.८ टक्के, तर एएफडी या पक्षाला ४.७ टक्के मते मिळाल्याने इतर छोट्या पक्षांसह सुमारे १५.७ टक्के मतदारांना संसदेत प्रतिनिधीच उरला नाही. ही किंमत मला मान्य आहे, कारण तीन-चार पक्षांचे स्थिर कायदेमंडळ आणि दहा-बारा पक्षांचे विस्कळीत कायदेमंडळ यांतून मी पहिले निवडीन.

चौकस

शेवटचा प्रश्न विचारतो. सुरुवात कोठून करावी? अध्यक्षपद तर एकच आहे, आणि २७०, म्हणजे बहुमताइतकी, निर्वाचक मते कोणालाच मिळाली नाहीत तर बाराव्या घटनादुरुस्तीनुसार निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते, तीही प्रत्येक राज्याला एक मत या हिशेबाने. तिसऱ्या पक्षाने तेथे डोके आपटण्यात अर्थ नाही.

धागाकर्ता

अगदी बरोबर, आणि तिसरे पक्ष नेमके तेथेच आपली सगळी शक्ती खर्च करतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. सुरुवात शहरांच्या परिषदा आणि राज्यांच्या कायदेमंडळांपासून व्हावी. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज शहरात पसंतीक्रमाची बहुसदस्यीय पद्धत १९४१ पासून वापरात आहे, ती आजही चालू आहे. ओरेगॉनमधील पोर्टलंडने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन-तीन जागांच्या चार विभागांतून प्रथमच अशी परिषद निवडली. न्यूयॉर्क शहरातही ही पद्धत १९३७ पासून दशकभर होती. दोन कम्युनिस्ट सदस्य निवडून आल्याचे भांडवल करून ती १९४७ मध्ये रद्द करण्यात आली.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते इलिनॉयचे उदाहरण, आणि ते फारसे कोणी सांगत नाही. १८७० च्या राज्यघटनेनुसार तेथील कनिष्ठ सभागृहासाठी तीन जागांचे मतदारसंघ होते. प्रत्येक मतदाराला तीन मते असत आणि ती तिन्ही एकाच उमेदवाराला देता येत. त्यामुळे अल्पसंख्य पक्षालाही बहुतेक मतदारसंघांत एक जागा मिळे. शिकागोतून रिपब्लिकन आणि ग्रामीण दक्षिण भागातून डेमोक्रॅट निवडून येत, आणि दोन्ही पक्षांच्या बैठकीत राज्याच्या सर्व भागांचे लोक बसत. पक्ष तेव्हाही दोनच होते, पण एखादा प्रदेश संपूर्णपणे एका पक्षाच्या मालकीचा झालेला नव्हता. कायदेमंडळ सदस्यांनी स्वतःचे वेतन वाढवून घेतल्याच्या संतापात १९८० मध्ये सदस्यसंख्या १७७ वरून ११८ वर आणणारी दुरुस्ती मंजूर झाली आणि तिच्याबरोबरच ही शंभर वर्षांहून जुनी पद्धतही गेली.

राष्ट्रीय पातळीवर पहिली मागणी मी एवढीच करीन की १९६७ च्या कायद्यातील एकसदस्यीय सक्ती उठवावी आणि प्रमाणशीर मोजणी करणाऱ्या राज्यांना बहुसदस्यीय मतदारसंघांची मुभा द्यावी. प्रमाणशीर मोजणीची अट सोडून चालणार नाही. दक्षिणेतील राज्ये सर्व जागा एकगठ्ठा पद्धतीने भरून कृष्णवर्णीय मतदारांना बहुमताखाली दडपतील, ही भीती १९६७ चा कायदा करताना मोठी होती आणि ती रास्त होती. बहुसदस्यीय मतदारसंघात प्रत्येक जागा साध्या बहुमताने भरली तर ५१ टक्क्यांचा गट सर्वच्या सर्व जागा नेतो, आणि मग आजच्याहून वाईट स्थिती येते. कायद्याच्या मसुद्यात ही दोन कलमे एकमेकांना जोडलेलीच असली पाहिजेत, म्हणजे एक घेऊन दुसरे टाळण्याची सोय कोणत्याही राज्याला राहणार नाही.